अलांटेचं वकीलपत्र

मर्सिडीज घेतलेल्या माणसाला ‘का घेतली?’ असं कुणी विचारत नाही. फार तर ‘केवढ्याला पडली?’ म्हणतात आणि मनातल्या मनात त्याच्या पगाराचा अंदाज बांधतात. फेरारीवाल्याला तेवढंही विचारत नाहीत, शेजारी उभं राहून फोटो काढून घेतात. नावाजलेल्या गाडीचं हेच सुख आहे, मालकाला तोंड उघडावं लागत नाही. माझ्याकडे १९८७ सालची कॅडिलॅक अलांटे आहे. मला बोलावं लागतं. पेट्रोल पंपावर, सिग्नलला, बारशाला, मुंजीला आणि एकदा दातांच्या डॉक्टरकडे तोंडात कापसाचे बोळे असतानाही बोलावं लागलं. खिडकीतून त्याला गाडी दिसली होती.

ज्यांनी ही गाडी पाहिलेली नाही, म्हणजे जवळजवळ सगळ्यांनीच, त्यांच्यासाठी सांगतो. दोन सीटा, उघडणारं कापडी छत, शिवाय हिवाळ्यासाठी वरून बसवायचं ॲल्युमिनियमचं वेगळं टणक छत. नाकापासून शेपटापर्यंत पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ. आत इतकी बटणं, की पहिल्यांदा बसलेला माणूस हात मांडीवर घेऊन बसतो, चुकून कशाला लागायला नको. १९८७ मध्ये तिची किंमत होती ५४,७०० डॉलर. त्याच शोरूममध्ये तिच्या शेजारी उभी असलेली नेहमीची डे व्हिल तिच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळायची, आणि तिच्यात सहा माणसं बसायची.

आता हे एवढं महाग प्रकरण कशासाठी? तर अब्रूसाठी. कॅडिलॅक हे अमेरिकेतलं जुनं खानदानी नाव, पण १९८० नंतर त्या घराण्याचे ग्रह फिरले. १९८२ साली त्यांनी सिमॅरॉन काढली. शेव्हरोलेच्या कॅव्हेलियरला चामड्याच्या सीटा आणि कॅडिलॅकचा बिल्ला लावला की झाली सिमॅरॉन, आणि हे गिऱ्हाइकांच्या ताबडतोब लक्षात आलं. तिकडे श्रीमंत मंडळी मर्सिडीजच्या एसएलमध्ये बसून छत उघडून हिंडत होती. तेव्हा कॅडिलॅकच्या मालक कंपनीने, जनरल मोटर्सने, ठरवलं, आपणही एक उघडी दोन सीटांची गाडी काढायची, आणि तिचं रूप साक्षात पिनिनफारिनाकडून करून घ्यायचं. पिनिनफारिना म्हणजे इटलीतल्या तुरीनची मंडळी. फेरारीला फेरारीचा चेहरा दिला तो त्यांनी.

इथवर सगळं शहाणपणाचं आहे. पुढचं ऐका.

पिनिनफारिनाने नुसतं चित्र काढून दिलं असतं तरी चाललं असतं. पण ठरलं असं, की बॉडीसुद्धा तेच बांधणार. त्यासाठी तुरीनजवळ सान जॉर्जो कानावेझे या गावी नवा कारखाना उभा राहिला. इंजिन मात्र डेट्रॉइटमध्ये बसणार. मधे अटलांटिक महासागर. तुम्हाला-आम्हाला वाटेल, असतील पाठवत जहाजाने. जहाजाने यायला ती काय खजुराची पोती आहेत? खास बदल करून घेतलेली बोइंग ७४७ विमानं तुरीनहून निघायची. एका खेपेला ५६ बॉड्या, रंगवून, आतून सजवून. जवळजवळ सात हजार किलोमीटर उडून त्या डेट्रॉइटला उतरायच्या आणि मग त्यांच्यात इंजिन, गिअरबॉक्स, चाकं वगैरे किरकोळ गोष्टी बसायच्या. जगातली सर्वांत लांब असेंब्ली लाइन, अशी या व्यवहाराची तेव्हा जाहिरात केली होती. अमुक एक गोष्ट जगात सर्वांत लांब आहे, याचं कौतुक सहसा नदीच्या किंवा पुलाच्या बाबतीत करतात. कारखान्याच्या बाबतीत तो आकडा मिरवायचा नसतो, लपवायचा असतो. पण खानदानी माणसाला खर्च लपवणं जमत नाही.

मी स्वतः डेट्रॉइटला आलो तोही ७४७ मधूनच. माझ्या विमानात चारशे माणसं होती. माझे गुडघे पुढच्या सीटमध्ये रुतलेले, शेजारच्या आजोबांचं डोकं माझ्या खांद्यावर, आणि मागच्या बाळाचा सूर मुंबई ते फ्रँकफर्ट एकदाही उतरला नाही. त्याच जातीच्या विमानात अलांटेच्या फक्त छप्पन्न बॉड्या, ऐसपैस. उतरल्यावर त्यांना ‘इकडे किती दिवस राहणार?’ असं विचारणारा साहेबही नाही. माझी गाडी अमेरिकेत माझ्यापेक्षा जास्त इतमामाने आली, याचा मला मत्सर नाही, अभिमान आहे. बायको म्हणते दोन्ही आहे.

हिशोबी लोक हे ऐकून कपाळाला हात लावतात. या धंद्यात पैसे कसे मिळणार होते, असं विचारतात. पैसे मिळणार नव्हतेच आणि फारसे मिळालेही नाहीत. सात मॉडेल-वर्षांत एकवीस हजारांच्या थोड्या वर गाड्या खपल्या, तेवढ्या पहिल्या तीन-चार वर्षांत खपतील अशी अपेक्षा होती. पण हिशोबी माणसांनी केलेली गाडीही माझ्याकडे आहे, रोज कामावर मी तीच नेतो. उत्तम गाडी आहे. तिच्याविषयी चारचौघांत सांगण्यासारखं एक वाक्य मला आजवर सुचलेलं नाही.

या वकिलीत एक जागा आहे जिथे मी गप्प बसतो. विमानातून उतरलेल्या बॉड्या ज्या कारखान्यात जायच्या, तो डेट्रॉइट-हॅमट्रॅमकचा कारखाना पोलटाऊन नावाची अख्खी वस्ती उठवून बांधला होता. १९८१ साली चार हजारांहून अधिक माणसांना घरं सोडावी लागली. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने ते योग्य ठरवलं, आणि २००४ मध्ये त्याच न्यायालयाने तो निकाल चुकीचा होता म्हणून फिरवला. तोवर वस्ती कुठे, माणसं कुठे! एक जुनी ज्यू दफनभूमी तेवढी कारखान्याच्या कुंपणाच्या आत राहिली. वर्षातून दोन सणांच्या सुमारास तिचं दार उघडतं. गाडीचा यात काय दोष, असं मला म्हणता येईल. म्हणत नाही.

बाकी आरोपांना मात्र उत्तर तयार आहे.

पहिला आरोप, गाडी हळू आहे. ४.१ लिटरचं व्ही-८ इंजिन आणि शक्ती १७० अश्वांची. शून्यावरून साठ मैलांचा वेग गाठायला नऊ-साडेनऊ सेकंद लागतात. घरच्या मिनीव्हॅनचं इंजिन २८० अश्वशक्तीचं आहे, हे बायको सिग्नलला माझ्या शेजारी येऊन थांबली की मला दिसतं. पुढच्या सिग्नलला ती दिसत नाही. पण काळ बघा की. ही गाडी बाजारात आली तेव्हा अमेरिकेत महामार्गावर ताशी पंचावन्न मैलांच्या वर जायला कायद्याने बंदी होती. १९८७ साली शहराबाहेरच्या आंतरराज्य महामार्गांवर ती मर्यादा पासष्ट झाली. म्हणजे गाडी हळू नाही, कायद्याची चाड असलेली आहे.

दुसरा आरोप जाणकारांचा. स्पोर्ट्स गाडीला मागची चाकं ढकलतात. अलांटेला पुढची ओढतात, कारण तिचा पाया कॅडिलॅकच्याच एल्डोराडो गाडीचा, आखूड केलेला. यावर मी ठणकावून सांगतो की पुढची चाकं ओढणारी असली की बर्फात पकड उत्तम मिळते.

“मग बर्फात चालवतोस?” ते विचारतात.

“छे! रस्त्यावर मीठ असतं. पत्रा खाईल ना ते.”

तिसरा आरोप छताचा. पहिल्या वर्षीच्या गाड्यांत वाऱ्याचा आवाज येतो, पाणी आत येतं, अशी ओरड तेव्हा झाली होती आणि ती छापूनही आली. चोपन्न हजार डॉलरच्या गाडीचं छत हाताने उघडावं-मिटावं लागतं, यावरूनही लोक चिडले. शेजारची दहा-बारा हजारांची गाडी बटणावर छत उघडत असताना आपण खाली उतरून मागचं झाकण उचलायचं, छत ओढायचं, पुन्हा झाकण लावायचं, पुढे येऊन कडी बसवायची. मी म्हणतो, व्यायाम होतो. आणि गळण्याबद्दल म्हणाल तर माझी गाडी आजवर एक थेंब गळलेली नाही. मी पावसात तिला बाहेरच काढत नाही.

“म्हणजे,” बायको पाहुण्यांना समजावून सांगते, “बर्फात उत्तम चालते पण बर्फात न्यायची नाही. पावसात गळत नाही पण पावसात न्यायची नाही. आणि वेग कमी नाही, कायदाच कमी होता.”

वकिलाला घरातच फितूर साक्षीदार असला की खटला किती अवघड होतो, ते मला विचारा.

पण माझ्या बाजूला एक साक्ष अशी आहे की ती काढली की भलेभले गप्प होतात. १९९२ ची इंडियानापोलिस ५०० शर्यत. शर्यत सुरू होण्याआधी सगळ्या गाड्यांच्या पुढे एक गाडी धावते, बाकीच्यांनी तिच्या मागून शिस्तीत यायचं असतं. त्या वर्षी तो मान अलांटेला होता, आणि चालवायला होते बॉबी अन्सर, तीन वेळा ही शर्यत जिंकलेले. मे महिना असून थंडी कडाक्याची, टायर गार पडलेले. पात्रता फेरीत सर्वांत वेगवान ठरलेले रोबेर्तो ग्वेरेरो पहिल्या क्रमांकावरून निघाले आणि टायर गरम करता करता शर्यत सुरू व्हायच्या आत, अलांटेच्या मागे चालताना, गाडी गरगरून भिंतीवर गेले. तेवढ्यावर त्यांची शर्यत संपली. म्हणजे त्या दिवशी त्या रस्त्यावर सर्वांत वेगवान माणूस कोसळला आणि अलांटे शांतपणे पुढे चालत राहिली. हळू चालण्याचे फायदे याहून स्पष्ट कोणत्या भाषेत सांगायचे? (शर्यत जिंकली बॉबींच्या पुतण्याने, अल अन्सर ज्युनिअर यांनी, ०.०४३ सेकंदाच्या फरकाने. तो माझा मुद्दा नाही, पण घराण्याचं नाव निघालं म्हणून सांगितलं.)

१९९३ साली अलांटेला अखेर नॉर्थस्टार नावाचं नवं इंजिन मिळालं, जवळजवळ तीनशे अश्वांचं. समीक्षकांनी एका सुरात सांगितलं की आता ही खरी गाडी झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये कंपनीने ती बंद केली. शिकून सवरून नोकरीला लागला त्या दिवशीच निवृत्तीचा नारळ हातात, अशातली गत. त्यामुळे अलांटेवाल्यांत दोन वर्ण पडले आहेत, त्र्याण्णववाले आणि इतर. त्र्याण्णववाले आमच्याशी बोलताना मान किंचित तिरकी करतात. “सत्त्याऐंशीची का? छान ठेवलीय हं,” म्हणतात. म्हातारीला भेटल्यावर ‘अजून स्वतःच्या हाताने जेवता ना?’ विचारतात, तो सूर.

अर्थात आम्हालाही हसायला कुणीतरी लागतंच, आणि देवाने ती सोय केली आहे. क्रायस्लर टीसी. १९८९ मध्ये क्रायस्लरने मासेराटीशी संगनमत करून इटलीत बांधलेली उघडी गाडी. ती दिसायला हुबेहूब क्रायस्लरच्याच लेबॅरनसारखी निघाली, आणि लेबॅरन तिच्या निम्म्या किमतीत मिळत होती. जेमतेम सात हजार गाड्या बनल्या. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात टीसी आली की आम्हा अलांटेवाल्यांना घरात धाकटी जाऊ आल्यावर थोरलीला होतो तसा आनंद होतो. ‘इटालियन असून काय उपयोग, चेहरा अमेरिकनच ना!’ असं आम्ही कुजबुजतो. टीसीवाला भला माणूस असतो बिचारा. तो कुणालाच काही म्हणत नाही. त्याच्या खाली फक्त सिमॅरॉनवाले उरलेत आणि त्यातला एकही मला अजून भेटलेला नाही.

डेट्रॉइटमध्ये ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ भरते. १९९५ पासूनची प्रथा. वुडवर्ड ॲव्हेन्यूवर मैलोन् मैल जुन्या गाड्या हळूहळू जात असतात आणि दुतर्फा माणसं घडीच्या खुर्च्या टाकून, बर्फाचे डबे उघडून, पंढरीच्या वाटेवर पालखी बघायला बसावं इतक्या भक्तीने बसलेली असतात. मस्टँग आली की आरोळी, जीटीओ आली की शिट्टी, कॉर्व्हेट आली की आजोबांच्या डोळ्यांत पाणी. मधेच मी येतो. त्या क्षणी सगळ्यांना डब्यातलं सँडविच काढायची आठवण होते. एकदा एक चिमुरडा माझ्याकडे बोट दाखवून आनंदाने किंचाळला, मी हात हलवला, आणि मग कळलं की माझ्या मागे आइस्क्रीमची गाडी होती. पण दर वर्षी गर्दीत एखादा तरी माणूस खुर्चीतून उठून उभा राहतो. बहुधा सत्तरीचा, टोपीवर कारखान्याचं नाव. तो दोन पावलं पुढे येतो, ओरडतो, “मी या बांधल्यात!” आणि परत बसतो. इंजिन लावलं, चाकं लावली की सीटा, ते विचारायच्या आत रांग पुढे सरकते. अशा माणसापुढे वकिली करावी लागत नाही. तो दिवस मला सणासारखा जातो.

माझी सासुरवाडी कोल्हापूरची. तिथल्या माणसांना खोटी स्तुती शिकवलेली नसते. मेव्हणा व्हिडिओ कॉलवर गाडी पाहत होता.

“दाजी, ही दोनच माणसांची?”

“दोनच.”

“आणि मागं काय हाय?”

“मागे छत ठेवायची जागा.”

“म्हंजे छत बसणार, आन् आम्ही चालत येणार?” जरा थांबून तो म्हणाला, “ह्या पैशात दोन बुलेट आल्या असत्या की वो.”

त्याच्यासाठी मी एक खास युक्तिवाद राखून ठेवला होता. २०१५ च्या डिसेंबरात टेक महिंद्रा आणि महिंद्रा अँड महिंद्रा यांनी मिळून पिनिनफारिनाचे शहात्तर टक्के समभाग घेण्याचा करार केला. एक कंपनी पुण्याची, दुसरी मुंबईची. म्हणजे माझ्या गाडीचं माहेर आता महाराष्ट्रात आहे. त्यातून तुरीनशी आपलं नातं काही आजचं नाही. आमच्या मामांची डोंबिवलीला पद्मिनी होती. ती मूळची तुरीनचीच फियाट, कुर्ल्याला बांधलेली. पुढच्या बाकावर तीन, मागे पाच आणि मधल्या बोळकंडीत एक कळशी, अशी आमची वरात टिटवाळ्याला जायची. तिच्यात बसून मोठा झालेला पोरगा तुरीनच्याच दुसऱ्या लेकीला घरी आणतो, यात नवल ते काय!

मेव्हण्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“महिंद्राचीच घ्यायची हुती तर थार घ्यायची नाही का,” तो म्हणाला. “तिचंबी छत निघतंय. आन् चौघं बसत्यात.”

पिनिनफारिनाच्या नावाने आता जी बातिस्ता गाडी निघते ती विजेवर चालते आणि तिची शक्ती एकोणीसशे अश्वांची आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. माझ्या एकशे सत्तरांचा विषय निघाला असता.

आता नंबरप्लेटचं. मिशिगनमध्ये पंचवीस वर्षांहून जुन्या गाडीला ‘ऐतिहासिक’ अशी पाटी मिळते. स्वस्त पडते, पण अट अशी की गाडी रोजच्या कामाला वापरायची नाही. क्लबचे कार्यक्रम, प्रदर्शनं, सहली, मिरवणुका आणि यांत्रिक तपासणी, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. फक्त ऑगस्ट महिन्यात हवी तिथे फिरवा, कुणी विचारणार नाही. कायद्यात एखाद्या महिन्याला अशी मोकळीक मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. आपल्याकडे श्रावणात काय करायचं नाही याची यादी असते, इथे त्याच सुमारास सगळं करायला परवानगी. उरलेल्या अकरा महिन्यांत भारतीय दुकानातून कोथिंबीर आणणं हे वाहतुकीत मोडतं की यांत्रिक तपासणीत, यावर माझा अभ्यास चालू आहे. जुडी हलकी असते, तपासणीच म्हणायला हवी.

आणि या कायद्यातल्या ‘मिरवणूक’ या शब्दानेच अलांटेला तिचा सर्वांत मोठा दिवस दाखवला.

आमच्या मंडळाचा गणपती एका शाळेच्या व्यायामशाळेत बसतो. गाड्या लावायच्या मैदानातून दारापर्यंत ढोलताशांच्या गजरात मिरवणूक निघते. मूर्ती शाडूची, फूटभराची. दर वर्षी एका सभासदाच्या पिकअप ट्रकमध्ये मागे टेबल ठेवून बाप्पांना बसवतात. त्या वर्षी ट्रकवाला नेमका परगावी गेला होता. अध्यक्षबाईंचा फोन आला. आवाजात नाइलाज स्पष्ट होता.

“तुमच्याकडे ती… उघडी गाडी आहे ना?”

अशा वाक्याची वाट मी किती वर्षं पाहत होतो! गाडी धुतली, पुसली, पुन्हा धुतली. शेजारच्या सीटवर पाट ठेवला, पाटावर बाप्पा, बाप्पांना पट्टा. अलांटेच्या सीटा रेकारोच्या, बटणांनी दहा प्रकारे हलणाऱ्या. बाप्पांचं मुख काचेच्या वर दिसावं म्हणून मी सीट उंच केली, मग जरा पुढे घेतली, मग पाठ सरळ केली. एका काकूंनी हात जोडून डोळे मिटले होते. त्यांनी उघडले तेव्हा बाप्पा सावकाश वर येत होते. त्या दोन पावलं मागे सरल्या.

मिरवणुकीचा वेग ताशी दोन मैल. शून्यावरून साठला किती सेकंद, हा प्रश्न त्या दिवशी जगातून हद्दपार झाला होता. पुढे लेझीम, मागे ढोल, मधे फेट्यात मी आणि बाप्पा. लोक फोटो काढत होते, आणि मागे आइस्क्रीमची गाडी नव्हती, मी आरशात बघून खात्री केली. एका मुलाने बापाला विचारलंसुद्धा, “बाबा, ही कुठली गाडी?” मी तोंड उघडणार, तेवढ्यात आभाळ भरून आलं.

मिशिगनचा पाऊस आधी कळवत नाही. पहिला टपोरा थेंब बॉनेटवर पडला आणि ढोलवाले क्षणात व्यायामशाळेच्या छपराखाली पसार झाले. शाडूची मूर्ती! कुणीतरी “बाप्पा! बाप्पा!” ओरडलं. मोदकांचं ताट घेऊन आलेल्या एका आजींनी मोदक मुलाच्या ओंजळीत ओतले आणि ताट मूर्तीवर धरलं. मी उडी मारून उतरलो. मागचं झाकण उचललं, छत ओढलं, झाकण आपटलं, पुढे धावलो, कडी बसवली. इतकी वर्षं ज्याला मी व्यायाम म्हणत आलो तो असा कामी आला. फेटा सुटून गळ्यात आला होता. मी आत बसलो, दार लावलं, काचा वर केल्या. पाऊस छतावर ताडताड वाजत होता.

मग सगळं मंडळ भिजत गाडीभोवती गोळा झालं. काचांना नाकं लागली. सगळ्यांचे डोळे आत, वर, छताच्या शिवणीकडे. या गाडीची कीर्ती मी स्वतःच घरोघर पोचवली होती, इतक्या वेळा नाकारून. मीही वर पाहत होतो. खरं सांगायचं तर सत्त्याऐंशीच्या त्या छापून आलेल्या तक्रारी मला तोंडपाठ होत्या आणि त्या क्षणी एकामागून एक आठवत होत्या.

एक मिनिट गेलं, दोन गेली. बाप्पा कोरडे. पाट कोरडा. दुर्वांची जुडी कोरडी. पाऊस जसा आला तसा गेला. मी दार उघडून बाहेर आलो आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, “एक थेंब नाही! बघा, एक थेंब आला नाही!”

ताटवाल्या आजींनी डोळे पुसले. “त्याची कृपा,” त्या म्हणाल्या.

“कृपा कसली आजी, छत! पिनिनफारिनाचं आहे, तुरीनहून ७४७ मधून…”

“मोरया!” कुणीतरी आरोळी ठोकली. ढोल पुन्हा सुरू झाले. माझं उरलेलं वाक्य मी बाप्पांकडे बघून पूर्ण केलं.

संध्याकाळी आरतीनंतर अध्यक्षबाई मुद्दाम माझ्याकडे आल्या. हातात प्रसादाचा द्रोण होता. “अहो, वेळेला धावून आलात, खूप उपकार झाले,” त्या म्हणाल्या. मी विनयाने मान लववली आणि १९९२ च्या शर्यतीपासून सुरुवात करावी की विमानापासून, याचा विचार करू लागलो.

“पण पुढच्या वर्षी आपण ट्रकच बघू या हं,” त्या म्हणाल्या. “दर वेळी त्याच्या कृपेवर कसं अवलंबून राहायचं?”